शिष्यवृत्तीची तयारी शाळेपासून

'वजीफा' हा शब्द तुम्ही घरी ऐकला असेल. मराठीत त्यालाच शिष्यवृत्ती म्हणतात. शिष्यवृत्ती म्हणजे दान नव्हे. जो विद्यार्थी अटी पूर्ण करतो, त्याचा तो हक्क असतो. मात्र कॉलेजात प्रवेश घेतल्यावर या अटींचा विचार करू लागलात, तर फार उशीर होतो. त्यांतील बऱ्याच अटी शाळेत असतानाच पूर्ण कराव्या लागतात. त्या कोणत्या, ते आपण पाहू या.

मालेगाव किंवा भिवंडीत यंत्रमागावर काम करणाऱ्या एखाद्या वडिलांचा विचार करा. मुलीला इंजिनिअरिंगला जायचे आहे. गुणही चांगले आहेत. पण फी कोठून आणायची? अशा मुलामुलींसाठी महाराष्ट्र शासनाची 'राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना' आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असेल, तर व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या शिक्षण शुल्काची साधारणपणे निम्मी रक्कम शासन देते. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातील आणि इतर मागास वर्गातील मुलींसाठी शासनाने व्यावसायिक अभ्यासक्रमांचे पूर्ण शिक्षण शुल्क भरण्याचा निर्णय घेतला. उत्पन्नाची मर्यादा तीच आहे. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीही राज्याची वेगळी शिष्यवृत्ती आहे. मात्र एका अभ्यासक्रमासाठी एकाच योजनेचा लाभ घेता येतो.

येथे एक अट नीट समजून घ्या. प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून झालेला असावा लागतो. व्यवस्थापनाच्या कोट्यातून जागा घेतली, तर ही सवलत मिळत नाही. केंद्रीय फेरीत जागा मिळते ती गुणांवर. दहावीनंतर पॉलिटेक्निकला जायचे असेल तर दहावीचे गुण, आणि बारावीनंतर इंजिनिअरिंगला जायचे असेल तर प्रवेश परीक्षेचे गुण महत्त्वाचे ठरतात. म्हणून अभ्यास ही पहिली तयारी.

या अभ्यासाला आठवीतच एक चांगली संधी मिळते. शासकीय, नगरपालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांतील मुलांसाठी 'एनएमएमएस' ही परीक्षा होते. ती बहुधा डिसेंबर महिन्यात असते. सातवीत किमान ५५ टक्के गुण आणि पालकांचे उत्पन्न साडेतीन लाख रुपयांपर्यंत असले पाहिजे. बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता अशा दोन चाचण्या असतात. प्रत्येकीत ९० प्रश्न आणि ९० मिनिटे! प्रश्नपत्रिका उर्दूतही मिळते. निवड झालेल्या विद्यार्थ्याला नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,००० रुपये मिळतात. मात्र अकरावीत ती पुढे चालू राहण्यासाठी दहावीत ६० टक्के गुण लागतात. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना गुणांत सवलत आहे.

दुसरी तयारी कागदपत्रांची. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि अधिवास प्रमाणपत्र हे दोन कागद हवेतच. बागवान, अत्तार, तांबोळी असे अनेक मुस्लिम समाज महाराष्ट्रात इतर मागास वर्गात मोडतात. त्या सवलतीसाठी जातीचा दाखला, त्याची पडताळणी आणि नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र लागते. १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वी कुटुंब महाराष्ट्रात राहत होते, याचा पुरावा मागितला जातो. आजोबांच्या शाळेचा जुना दाखला येथे कामी येतो. तो शोधायला आणि पडताळणी व्हायला कित्येक महिने लागू शकतात. म्हणून दहावीची परीक्षा संपताच या कामाला लागावे.

तिसरी तयारी सर्वांत सोपी आहे, पण तिच्याकडेच दुर्लक्ष होते. ती म्हणजे नाव. 'शेख' हे आडनाव इंग्रजीत तीन-चार प्रकारे लिहितात. शाळेच्या रजिस्टरमध्ये 'मोहम्मद', आधार कार्डावर 'मोहंमद' आणि बँकेच्या पासबुकात नुसते 'मो.' असे लिहिलेले असते. आपल्याला माणूस एकच दिसतो. संगणकाला मात्र ती तीन वेगवेगळी माणसे वाटतात. मग अर्ज अडकतो किंवा पैसे खात्यात जमा होत नाहीत. दहावीच्या बोर्डाचा फॉर्म भरताना जे नाव लिहाल, तेच पुढे प्रमाणपत्रावर छापले जाते. म्हणून दुरुस्ती त्याआधीच करून घ्या. शाळा सोडल्यावर ती फार अवघड होते. स्वतःच्या नावाचे बँक खाते उघडा आणि ते आधारशी जोडून घ्या, कारण रक्कम थेट खात्यात येते.

अर्ज 'महाडीबीटी' या शासकीय पोर्टलवर भरायचा असतो. तो मराठीत आहे म्हणून घाबरू नका. अर्ज, दाखला, मुदत, तारीख, रक्कम, नक्कल हे सारे शब्द तुमच्या उर्दूतही आहेत! फक्त मुदत चुकवू नका, आणि अर्ज दरवर्षी नव्याने भरावा लागतो हे विसरू नका.

आज घरी गेल्यावर एक काम करा. आधार कार्ड, पासबुक आणि जन्माचा दाखला शेजारी शेजारी ठेवा आणि त्यांवरील तुमचे नाव अक्षर अक्षर लावून वाचा. कोठे फरक दिसला, तर तो वहीत लिहून उद्या वर्गशिक्षकांना दाखवा.