घरगुती जपानचा अमेरिकन अभ्यासक

सन 1877 च्या जून महिन्यात योकोहामा बंदरात उतरलेले अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड सिल्व्हेस्टर मोर्स यांचा मूळ हेतू ब्रॅकिओपॉड या कवचधारी सागरी प्राण्यांचे नमुने मिळवण्याचा होता. परंतु त्याच वर्षी स्थापन झालेल्या टोकियो विद्यापीठाने त्यांची अध्यापकपदी नेमणूक केली. आगगाडीतून जाताना ओमोरी येथे नजरेस पडलेल्या शिंपल्यांच्या प्राचीन ढिगाऱ्याचे उत्खनन करून त्यांनी जपानमधील शास्त्रीय पुरातत्त्वविद्येचा पाया घातला. आणि या साऱ्या व्यापात, कवचावरील सूक्ष्म रेषा टिपण्यात तयार झालेली आपली दृष्टी त्यांनी सामान्य जपानी माणसाच्या दिनक्रमाकडे वळवली.

सुतार करवत आणि रंधा पुढे न लोटता आपल्याकडे ओढतो, खोलीचा विस्तार सुमारे सहा फूट लांब व तीन फूट रुंद अशा तातामी चटयांच्या संख्येने सांगतात, शहरातील मैला शेतकरी मोल देऊन खतासाठी नेतात, अशा नोंदींनी त्यांची रोजनिशी भरली. यांपैकी शेवटची बाब त्यांना विशेष महत्त्वाची वाटली. कारण जो मैला अमेरिकन शहरे नद्यांत व खाड्यांत सोडून पाणी दूषित करीत, त्याचीच जपानी लोकांनी जमिनीचा कस वाढवण्याकडे तजवीज केली होती. लोकांच्या प्रामाणिकपणाचाही त्यांना अनुभव आला. पुढील प्रवासाला निघताना हिरोशिमाच्या एका पांथशाळेत त्यांनी घड्याळ व रोकड सांभाळण्यास दिली, तेव्हा ते जिन्नस एका तबकात घालून त्यांच्याच खोलीत, जिथे कुलूप नव्हते आणि कोणालाही सहज जाता येत होते, उघड्यावर ठेवण्यात आले. प्रवासाहून परतल्यावर ते जसेच्या तसे मिळाले.

सन 1886 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘जपानी घरे आणि त्यांचा परिसर’ या ग्रंथात त्यांनी छप्पर, सरकते पडदे, स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि कुंपण यांचे स्वहस्ते काढलेल्या शेकडो रेखाटनांसह वर्णन केले. सामानाने खच्चून भरलेल्या दिवाणखान्याची सवय असलेल्या पाश्चात्त्याला जी खोली ओकीबोकी वाटते, तिच्यातील मोकळेपणा हा दारिद्र्याचा परिणाम नसून अभिरुचीचा निर्णय आहे, हे त्यांनी आग्रहाने दाखवून दिले. मृत्तिकापात्रांची पारख ते निनागावा नोरिताने यांच्याकडून शिकले, आणि नो नाट्यातील गायनासाठी उमेवाका मिनोरू यांच्यापुढे शिष्य होऊन बसले. परदेशातून शिकवण्यास आलेल्या प्राध्यापकाने असे शिष्यत्व पत्करावे, यातच त्यांच्या ज्ञाननिष्ठेची खरी साक्ष आहे.

मेइजी राजवटीत जुना जपान झपाट्याने पालटत होता. तेव्हाचे लोकजीवन हे नामशेष होत चाललेल्या जीवजातींसारखे असल्याने त्याची नोंद प्रसिद्ध करावी, असा आग्रह त्यांचे स्नेही विल्यम स्टर्जिस बिगेलो यांनी धरला. आणि मोर्स यांची रोजनिशी 1917 मध्ये ग्रंथरूपाने बाहेर आली. सन 1923 च्या भूकंपात टोकियो विद्यापीठाचे ग्रंथालय भस्मसात झाल्याचे कळताच त्यांनी मृत्युपत्रात फेरबदल करून आपला ग्रंथसंग्रह त्या विद्यापीठाच्या नावे केला. परक्या समाजाविषयी प्रेम अनेकांना वाटते. परंतु ते प्रेम बारकाईच्या नोंदीत उतरले, तरच त्या समाजाच्या पुढील पिढ्यांनाही उपयोगी पडते, आणि मोर्स यांचे थोरपण मला याच परिश्रमात दिसते.