घोरणें : थट्टेचा विषय कीं व्याधीची सूचना?

ज्या घरांत दहाबारा माणसें एका छपराखालीं नांदतात, तेथें मोठ्यानें घोरणारें एखादें माणूस बहुधा असतेंच. आणि सकाळीं चहाच्या वेळीं त्याची नक्कल करणारीं मुलेंही असतात. त्याला कुंभकर्णाची उपमा देऊन मंडळी हंसतात आणि ‘काय गाढ झोप लागते यांना!’ असें कौतुकही करितात. आमच्या मतें घोटाळा या कौतुकांतच आहे. कारण जो मोठ्यानें घोरतो, तो गाढ झोपलेला असतोच असें नाहीं.

झोपेंत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागें सरकते व श्वासाची वाट अरुंद होते. त्या वाटेनें जाणाऱ्या हवेमुळें मऊ टाळू व पडजीभ थरथरतात. तो ध्वनि म्हणजेच घोरणें. एवढ्यावर निभावलें तर चिंतेचें फारसें कारण नाहीं. परंतु कित्येकांची वाट मध्येंच मिटते. छाती हालत असते, पण आंत हवा जात नाहीं. घोरणें थांबलें म्हणून शेजारच्यास बरें वाटतें, आणि नेमका तोच क्षण धोक्याचा असतो. रक्तांतील प्राणवायु उतरतो, मेंदु दचकून अर्धवट जागा होतो आणि गुदमरल्यासारखा आवाज होऊन श्वास पुन्हा सुरू होतो. दहा सेकंद वा अधिक काळ पडणाऱ्या अशा खंडास ‘स्लीप ॲप्निया’ म्हणतात. श्वास थांबण्याचे वा फार मंदावण्याचे प्रसंग तासांत ५ ते १५ आले तर विकार सौम्य, १५ ते ३० आले तर मध्यम आणि ३० हून अधिक आले तर तीव्र समजतात. सकाळीं रोग्यास यांतलें कांहींही आठवत नाहीं. डोकें जड असतें आणि दिवसा बसल्याबसल्या डुलकी लागते, एवढेंच त्याला कळतें.

चरकाचार्यांनीं आहार, निद्रा व ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ सांगितले आहेत. त्यांतला एक असा रोज रात्रीं खचूं लागला तर रक्तदाब वाढतो, हृदयविकाराचें व पक्षाघाताचें भय वाढतें, आणि मोटार चालवितांना डोळा लागला तर इतरांचेही प्राण संकटांत येतात.

यावर उपाय आहे. १९८१ सालीं सिडनी येथील डॉ. कॉलिन सलिव्हन यांनीं नाकावाटें सतत दाबानें हवा पुरवून घशाची वाट उघडी ठेवण्याची युक्ति प्रसिद्ध केली. तेंच आजचें ‘सीपॅप’ यंत्र. तें रोज रात्रीं लावावें लागतें. चार दिवस लावून माळ्यावर टाकल्यास उपयोग नाहीं. सौम्य विकारांत जबडा किंचित् पुढें धरणारी दातांवरची पट्टी कित्येकांस पुरते. अंगीं स्थूलता असल्यास ती कमी करणें, कुशीवर निजणें, मद्य वर्ज्य करणें व वैद्यांस विचारल्यावांचून झोपेच्या गोळ्या न घेणें, हें पथ्य सर्वांसच हितकर. मुलांत बहुधा वाढलेले टॉन्सिल कारण असतात आणि ते काढल्यानें पुष्कळांस गुण येतो. ऋतुनिवृत्तीनंतर स्त्रियांतही हा विकार वाढतो. परंतु त्या संकोचानें बोलत नाहींत, आणि घरचेंही कोणी विचारीत नाहीं.

या रोगाचा साक्षी रोगी नव्हे, तर शेजारीं निजणारें माणूस होय. तेव्हां वाचकहो, घरांतल्या घोरणाऱ्यास हंसण्यापूर्वी एक रात्र त्याच्या श्वासाकडे कान द्या. घोरणें थांबून श्वासही थांबतो असें दिसलें, तर तें त्याला स्पष्ट सांगा व डॉक्टरांकडे न्या. रात्रभराची निद्रापरीक्षा करून ते निदान करितील. वडील माणसास असें सांगणें हा अविनय नव्हे. ती त्यांची सेवाच होय.