वर्तनी, जकात आणि गर्दीचा कर

जकातीचे कागद चाळणाऱ्यांस ‘रस्त्याचा पैसा कोणी द्यावा’ हा प्रश्न नवा नाहीं. कौटिलीय अर्थशास्त्रांत (अधि. २, अ. २१) अंतपालानें मालाच्या गाडीमागें सव्वा पण, गुरामागें अर्धा पण, खांद्यावरील ओझ्यामागें एक माषक अशी वर्तनी घ्यावी असें सांगितलें आहे, आणि वाटेंत माल हरवला वा चोरीस गेला तर त्यानेंच भरून द्यावा. ही देण्याघेण्याची सांगड आम्हांस मार्मिक वाटते.

मात्र वर्तनी ओझ्यावर होती, वेळेवर नव्हती. भरल्या रस्त्यावर येणारी प्रत्येक गाडी इतरांचा खोळंबा वाढविते, सबब त्याची किंमत तिनेंच द्यावी, हा विचार पिगू या अर्थशास्त्रज्ञानें १९२० सालीं मांडला. सिंगापुरानें १९७५ त व लंडननें २००३ त असा कर बसविला.

आतां महाड तालुक्यांतील तुडीलकडे पाहूं. गणेशचतुर्थीस गांवीं निघालेला चाकरमानी मुंबई-गोवा महामार्गावर तासन् तास अडकतो. २०२५ सालच्या उत्सवांत शासनानें कोंकणांत जाणाऱ्या गाड्यांस टोल माफ केला. म्हणजे गर्दी सर्वांत अधिक, तेव्हांच कर शून्य! पिगूच्या न्यायानें हें उफराटें खरें. परंतु चतुर्थीची तिथि पुढें ढकलतां येत नाहीं. कर वाढविल्यानें गर्दी फारशी हटणार नाहीं, गरिबाचा खिसा मात्र रिता होईल. एस्. टी. ला माफी व एकट्यादुकट्याच्या मोटारीस कर, हा भेद आम्हांस अधिक न्याय्य वाटतो.

महाड बंदराच्या जकातीचे कागद ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं दर ऋतुमानाप्रमाणें बदलत असे काय, तें पाहून कळवावें.