घरांतील दिव्यांची निवड

उंबरठ्यावरील एकच दिवा ओसरी व माजघर दोन्ही उजळतो, त्याप्रमाणें वाक्यांतील एकच पद मागील व पुढील पदांशीं अन्वय पावतें. यास शास्त्रकार देहलीदीपन्याय म्हणतात. व्याकरणांत हा न्याय ठीक आहे. परंतु गृहव्यवस्थेंत तो लावला कीं फसगत होते. दिवाणखान्यांत भारी झुंबर टांगावें, प्रत्येक खोलीच्या मध्यभागीं एकेक दिवा लावावा, कीं काम संपलें, अशी समजूत सुशिक्षित कुटुंबांतहि आढळते. आमच्या मतें दिवा हा छताचा अलंकार नसून डोळ्यांचें साधन आहे. तो कोणाच्या डोळ्यांसाठीं व कोणत्या कामासाठीं, हें आधीं ठरवावें.

वयोमानानें डोळ्यांतील बाहुली आकुंचित होते व भिंग पिवळट पडतें. त्यामुळें ६० वर्षांच्या मनुष्याच्या नेत्रपटलावर विशींतील तरुणाच्या मानानें सुमारें एक तृतीयांशच प्रकाश पोहोंचतो. नातवास पुरेशा वाटणाऱ्या दिव्याखालीं आजोबांस पोथींतील अक्षर लागत नाहीं, हा म्हातारपणाचा हट्ट नव्हे.

यावर उपाय म्हणून छतावरील दिवा मोठा करणें व्यर्थ होय. साध्या उघड्या दिव्यापासूनचें अंतर दुप्पट झालें कीं प्रकाश एक चतुर्थांश होतो. म्हणून आसनाजवळच झांकणाचा लहान दिवा ठेवावा. उजव्या हातानें लिहिणाऱ्या मुलास तो डावीकडून असावा, म्हणजे हाताची सावली अक्षरांवर पडत नाहीं.

स्वयंपाकघराची स्थिति याहून शोचनीय असते. दिवा मध्यभागीं, ओटा भिंतीशीं. तेव्हां गृहिणी स्वतःच्याच सावलींत भाजी चिरते. ओट्यावरील फडताळाच्या खालच्या कडेस एक नळीदिवा बसविला कीं हा दोष जातो. दिवाणखान्यांतील झुंबर चार पाहुणे पाहतात. ओट्यावरील सावली ती एकटीच पाहते, आणि तिला कोणी विचारीत नाहीं.

खरेदीच्या वेळीं वॉट म्हणजे विजेचा खर्च व ल्यूमेन म्हणजे प्रकाश, हा भेद ध्यानांत धरावा. ६० वॉटचा जुना तारेचा दिवा जो सुमारें ८०० ल्यूमेन प्रकाश देई, तो आजचा एल.ई.डी. दिवा ८ ते १० वॉटांत देतो. वेष्टनावरील केल्विनचा आंकडा रंग सांगतो: २७०० ते ३००० चा पिवळसर प्रकाश देवघर व शय्यागृहास शोभतो, ४००० चा पांढरा ओट्यास सोयीचा. ६५०० चा निळसर प्रकाश रात्रीं निजण्यापूर्वीं टाळावा. तो झोंपेस बाधक होतो.

शेवटची गोष्ट जिन्याची. वृद्ध मनुष्य रात्रीं न्हाणीघराकडे जातांना काळोखांत एक पायरी चुकला, तर खुब्याचें हाड मोडून तो कायमचा अंथरुणास खिळण्याचा संभव असतो. जिन्याच्या वर व खालीं अशीं दोन्हीं ठिकाणीं बटणें असावींत, आणि वाटेवर जमिनीलगत एक मंद दिवा रात्रभर असावा. त्याचा वीजखर्च नगण्य असतो.

तेव्हां पैसा आधीं जिन्यावर, मग ओट्यावर, नंतर वाचनाच्या जागेवर खर्चावा. इतकें करून कांहीं उरलें, तर झुंबर अवश्य घ्यावें.