रंजक, घोडा आणि कानस

वर्गात जुन्या लढायांचे वर्णन शिकवताना 'रंजक' हा शब्द आला, की मुले हमखास हसतात. ऐन धुमश्चक्रीत करमणूक कसली, असे त्यांना वाटते. मग मी सांगते, "बाळांनो, बंदुकीच्या कानाशी पेटवण्यासाठी जी बारीक दारू घालत, ती रंजक." एवढे सांगून मी पुढच्या ओळीकडे वळत असे. रंजक पेटायला किती गोष्टी जुळून याव्या लागतात, ते मला कळले फार उशिरा, आणि तेही अमेरिकेत!

माझ्या बहिणीचा मुलगा पेनसिल्व्हेनियात इंजिनिअर आहे. एका सुट्टीत मी त्याच्याकडे गेले असता तो म्हणाला, "मावशी, शेजारचे आजोबा ठासणीची बंदूक तयार करताहेत. बघायला येतेस?" बंदूक म्हटल्यावर मी जरा बिचकलेच, पण गेले.

ठासणीची बंदूक म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी गजाने ठासून भरायची. अठराव्या शतकात या प्रांतात जर्मन कारागीर येऊन स्थायिक झाले आणि लँकेस्टरच्या परिसरात त्यांनी लांब नळीच्या रायफली घडवल्या. तशाच रायफली आजही तिकडे कित्येक हौशी लोक घरच्या घरी घडवतात.

भाता, ऐरण, घणाचे घाव अशी माझी कल्पना. पाहते तो टेबलावर पुडकी! पितळेच्या ओतीव पट्ट्या, स्क्रू, चापाचे सुटे भाग, सगळे विकतचे. मी म्हटले, "मग तुम्ही घडवता ते काय?" आजोबा हसले. म्हणाले, "जुने कारागीरसुद्धा पुष्कळदा इंग्लंड-जर्मनीहून आलेले चाप वापरत. विकत आणलेला भाग बंदुकीचा होतो तो नंतर, कानशीखाली."

सर्व काही हाताने करणारेही झाले आहेत. व्हर्जिनियातील विल्यम्सबर्ग येथे वॉलेस गसलर यांनी जुन्या पद्धतीने अख्खी रायफल घडवली आणि त्यावर १९६९ साली एक चित्रपटही निघाला. पण सामान्य हौशी माणसाचे खरे काम जुळवणीचेच.

ते काम किती चिकाटीचे! ओतीव पितळेवर वाळूचा खरखरीतपणा आणि रस ओतल्याच्या जागी राहिलेला खुंट असतो. तो कानशीने काढायचा. पट्टीच्या कडांना आतल्या बाजूने किंचित उतार द्यायचा, म्हणजे ती लाकडात बुचासारखी घट्ट बसते. मग तिला दिव्याची काजळी फासून दस्त्यावर दाबायची. लाकडावर जिथे काळे उमटेल तेवढेच तासायचे. पुन्हा काजळी, पुन्हा तासणे. एक पट्टी बसवण्यात दुपार सरते.

चापाभोवतीची पितळी कमान दस्त्याच्या वळणाप्रमाणे वाकवावी लागते. तशीच थंड वाकवली तर तडकते. म्हणून आधी लाल तापवून मऊ करतात. हे आपल्या पुण्याच्या तांबट आळीतही ठाऊक आहे. ठोकून ताठर झालेले भांडे तापवले की पुन्हा नरम येते. पोलादाचे मात्र उलट! ते लालबुंद करून एकदम थंड केले, तर कठीण आणि ठिसूळ होते. म्हणून चापाच्या पोलादी कमानीला पाणी दिल्यावर ती पुन्हा बेताने, निळा रंग चढेपर्यंत, तापवतात. तेव्हा कुठे ती लवचीक होते.

आता रंजकाकडे वळू. घोड्याच्या जबड्यात गारगोटी असते. चाप ओढला की ती पोलादी पट्टीवर घासते, पोलादाचे सूक्ष्म कण पेटून ठिणग्या होतात आणि रंजकावर पडतात. ती ज्योत कानातून नळीत जाते. पट्टी मऊ राहिली तर ठिणगीच नाही.

भिंतीवर खिळ्याला बोटभर आकाराची एक चकती टांगली होती. घोड्याच्या आसावर अशी चकती असते आणि तिला दोन खाचा असतात. एक खाच घोडा पूर्ण चढवण्याची, दुसरी अर्धा चढवून सुरक्षित ठेवण्याची. आजोबा म्हणाले, "तरुणपणी चाप हलका व्हावा म्हणून खाचा घासत बसलो. चार हात जास्त फिरले. घोडा अर्ध्यावर ठेवला आणि आपोआप सुटला. बंदूक रिकामी होती, आणि समोर माझा भाऊ उभा होता." पुढे ते काही बोलले नाहीत. इंग्रजीत घाईच्या कामाला 'हाफ-कॉक्ड' म्हणतात, त्याचे मूळ मला तिथे दिसले.

एकाच्या चापाचा भाग दुसऱ्याला बसू नये, अशीच त्या काळी रीत होती. म्हणून १७८५ साली पॅरिसला टॉमस जेफरसन यांनी ऑनोरे ब्लाँ या कारागिराकडे चापांचे सुटे भाग हाताला येतील तसे उचलले आणि ते बिनचूक जुळले, तेव्हा त्यांनी ती नवलाई पत्राने मायदेशी कळवली. आजच्या कारखान्यांचे बीज त्यात होते. आजोबांच्या टेबलावर मात्र जुनीच रीत नांदत होती.

निघताना त्यांनी नळीच्या टोकावरची माशी दाखवली. ती मुद्दाम उंच ठेवतात. उंच माशीने नेम धरला की गोळी खाली लागते. मग एकेक हात कानस फिरवून माशी उतरवायची, की गोळी वर सरकते. आधीच ठेंगणी केली तर नवी माशी बसवण्यावाचून गत्यंतर नाही. "कानस काढून घेते, परत देत नाही," एवढेच ते म्हणाले.

आपल्याकडे परवान्याशिवाय बंदूक तयार करणे हा १९५९ च्या कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा कानस हाती घेण्याचा माझा विचार नाही. मात्र हल्ली वर्गात 'रंजक' आला आणि मुले हसली, की मी पुस्तक मिटते आणि त्या खिळ्यावरच्या चकतीची गोष्ट सांगते. वर्ग शांत होतो. पुढची ओळ त्या दिवशी राहून जाते, आणि त्याचे मला वाईट वाटत नाही.