दोन देहांचे स्वामी

परमहंस योगानंदांच्या ‘योगी कथामृत’मध्ये (मूळ इंग्रजी, १९४६) काशीचा एक किस्सा आहे. स्वामी प्रणवानंद घरात छोट्या योगानंदांसमोर ध्यानाला बसले होते. त्याच वेळी गंगेच्या घाटावर योगानंदांच्या वडिलांचे मित्र केदारनाथ बाबू यांना ‘मुलगा वाट बघतोय’ असंही सांगत होते म्हणे! केदारनाथ आल्यावर मुलाने विचारलं ते स्वामींच्या वहाणांबद्दल : घाटावर याच होत्या का? याच होत्या.

ही झाली योगसिद्धी. मरणाच्या दारातून परतलेल्यांची गोष्ट निराळी. सतवंत पसरिचा आणि इयान स्टीव्हन्सन या संशोधकांनी १९८६मध्ये मांडलेल्या १६ भारतीय अनुभवांपैकी बऱ्याच अनुभवांत यमदूत भलत्यालाच उचलून नेतात, वही उघडते, घोटाळा कळतो, परत पाठवणी होते. वरून स्वतःचंच शरीर पाहणं, हे अमेरिकनांचं नेहमीचं वर्णन, इथे जवळपास नव्हतंच.