काच बसली, दार अडलं

जूनमधला पहिला दमदार पाऊस पडून गेला की धुळे–सोलापूर महामार्गावरच्या पाचोडमध्ये गॅरेजसमोर एखादी तरी गाडी अशी दिसते, जिच्या खिडकीला खताची गोणी फाडून लावलेली असते. इंजिन खणखणीत, टायर नवे, काच मात्र दाराच्या पोटात. तिच्या शेजारच्या गाडीचा मालक मागच्या दाराने आत शिरून पुढच्या सीटवर येतो, कारण त्याच्या बाजूचं दार ना आतून उघडत ना बाहेरून.

यात पावसाचा दोष थोडाच. खरं काम उन्हाळ्यानेच करून ठेवलेलं असतं. उन्हाळाभर एसी लावून काचा बंद, आणि बाहेर पैठण तालुक्यातल्या काळ्या मातीची पिठासारखी धूळ. मोसंबीच्या बाजारात गाड्यांची गर्दी झाली की ती आणखी उडते. काच ज्या रबरी खाचेतून वरखाली होते तिथे, आणि काचेला बाहेरून घासणाऱ्या बीडिंगमध्ये, ही धूळ दाबून बसते. पहिल्या पावसात भिजते, दोन दिवसांनी वाळते आणि रबर काचेला धरून ठेवतं. मग कुणीतरी बटण दाबतं.

१९८३ साली आलेल्या मारुती ८०० ला काचेसाठी हँडल होतं. हँडल जड फिरायला लागलं की हाताला लगेच कळायचं आणि माणूस रबराला थोडी पावडर तरी लावायचा. बटण दाबणाऱ्या बोटाला हा जडपणा कळत नाही. मोटार निमूटपणे जास्त जोर लावत राहते आणि ज्या दिवशी थकते त्या दिवशीच आपल्याला पत्ता लागतो. म्हणून बटणाच्या गाडीत कान उघडे ठेवावे लागतात.

‘मोटार गेली, पूर्ण सेट टाका’ हा निकाल ऐकण्याआधी एवढं करून पाहा. किल्ली ऑन करा, छताचा दिवा लावा आणि काचेचं बटण दाबा. दिवा जरासा मंदावला आणि काच हलली नाही, तर करंट मोटारपर्यंत पोचतोय, काच किंवा मोटार कुठेतरी अडकली आहे. दिवा जसाच्या तसा राहिला आणि आवाजही नाही, तर बटण, फ्यूज नाहीतर वायर. आणि मोटार गर्रर्र फिरतेय पण काच जागची हलत नाही किंवा धपकन खाली बसली, तर मोटार निर्दोष आहे, काच ओढणारी तार तुटली किंवा काच धरणारा प्लास्टिकचा तुकडा मोडला.

वायरीचा एक खास दुखणारा सांधा आहे. दार आणि बॉडी यांच्यामध्ये बिजागरीजवळ एक सुरकुत्यांची रबरी नळी दिसते, सगळ्या वायरी तिच्यातून दारात जातात. दार हजारो वेळा उघडमिट झालं की आतली वायर पिचते. दार अर्धं उघडल्यावर काच चालते आणि बंद केल्यावर चालत नाही, असा चमत्कार दिसला की वायरिंगवाल्याला थेट ती नळी दाखवा. मागच्या काचा आपल्या बटणाने हलत नाहीत पण ड्रायव्हरच्या बटणाने हलतात, तर काहीच बिघडलेलं नाही, विंडो लॉकचं बटण दाबलं गेलंय.

दाराचं पॅड उघडलं की आतली यंत्रणा अगदी साधी दिसते. बारा व्होल्टची छोटी मोटार, तिच्या दांड्यावर स्क्रूसारखे आटे, ते एका दातेरी चाकाला फिरवतात. करंटची दिशा उलटली की चाक उलटं फिरतं, म्हणून एकाच बटणाने वर आणि खाली. या आट्यांची गंमत अशी की मोटार चाकाला फिरवू शकते, चाक मोटारला नाही. त्यामुळेच बंद काच बाहेरून दाबून खाली सरकत नाही. पुढे तार रिळावर गुंडाळली जाते आणि काच ओढते. ओढणारा तुकडा प्लास्टिकचा. उन्हात तापून तो ठिसूळ होतो आणि अडकलेल्या काचेशी भांडताना मोडतो. तुकडा इवलासा, पण बहुतेकदा सुटा मिळत नाही, काच ओढणारी अख्खी यंत्रणा, म्हणजे रेग्युलेटर, घ्यावा लागतो. ज्या जिल्ह्यात शेंद्र्याला २००१ पासून स्कोडाच्या गाड्या तयार होतात, तिथे पाचोडकराला एवढ्याशा तुकड्यासाठी पन्नासेक किलोमीटरवरच्या शहरातून पार्ट येण्याची वाट पाहावी लागते. रिवेट मारून केलेला जुगाड मागच्या काचेला चालेल. ड्रायव्हरच्या काचेला मी करू देणार नाही.

काच नुसती जड झाली असेल तर बटण दाबलेलं असताना काच दोन्ही तळव्यांमध्ये धरून वर ओढायला मदत करा, बहुतेक वेळा येते. मग ओल्या फडक्याने खाच पुसून, वाळवून सिलिकॉन स्प्रे मारा. इंजिन ऑइल नको, त्याने रबर फुगतं आणि धूळ चिकटते. काच वर जाऊन आपोआप परत खाली येत असेल तर भुताटकी नाही. एका टचची काच वाटेत अडथळा लागला की बोट चेंगरू नये म्हणून माघार घेते, आणि घाण रबराला ती अडथळाच समजते.

आता दार. आतून उघडत नाही, बाहेरून उघडतं, आणि दार मागचं आहे, तर आधी दाराच्या कडेवरचा चाइल्ड लॉकचा खटका पाहा. एवढ्यावर गॅरेज गाठणारे कमी नाहीत. कुठूनच उघडत नसेल तर एकाने बाहेरून दार आत दाबून धरावं, दुसऱ्याने आतलं हँडल ओढावं, तिसऱ्याने रिमोटचं अनलॉक दाबत राहावं. लॉकमध्ये एक दुदाती आकडा असतो, पहिला दात अर्धवट लागलेलं दार सुटू नये म्हणून आणि दुसरा पक्क्या बंदासाठी. त्याच्यावरचा ताण सैल झाला की अडलेला खटका कित्येकदा सुटतो. बॅटरी उतरलेली असेल तर सेंट्रल लॉकची मोटार अर्ध्यात थांबते, तेही तपासा.

याच लॉकचे स्क्रू दाराच्या कडेला असतात, म्हणजे दार बंद असताना तिथे पाना पोचतच नाही. उघड्या दाराचं तासाभराचं काम बंद दारात दिवसभराचं होतं आणि पॅडही मोडतं. म्हणून खटका आळसायला लागला की तेव्हाच लॉक साफ करून पांढरं ग्रीस लावून घ्या. नुसत्या डब्ल्यूडी-४० वर थांबू नका, ते जुनं ग्रीस धुऊन काढतं आणि उडून जातं. किल्लीच्या भोकात तर तेल नकोच, पेन्सिलचं शिसं किल्लीवर घासून ती दहा वेळा आतबाहेर करा.

गॅरेजात उभं राहून दोन गोष्टींवर नजर ठेवा. काचेवरून ओघळणारं पाणी दारात शिरतंच, ते खालच्या कडेच्या भोकांतून निघून जायला हवं. ती भोकं मातीने बुजली की दारात पाणी डचमळतं, लॉकची मोटार गंजते. काडी घालून ती मोकळी करा. दुसरं म्हणजे पॅडमागचा प्लास्टिकचा कागद. तो फाडून फेकला की पुढच्या पावसात पायपुसणं भिजतं आणि मग दोष काचेच्या रबराला. कागद पुन्हा चिकटवायला लावा.

काच आणि दाराचं दुखणं जिवावरही बेतू शकतं. अमेरिकेत काचेच्या बटणावर लहान मुलांचा गुडघा पडून काच वर जायची आणि मान अडकायची. तिथे २००५ च्या कायद्याने काच वर घ्यायला बटण उचलावंच लागेल, अशी रचना सक्तीची केली. आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत सेंट्रल लॉक बंद पडलं तरी दार हाताने उघडता यावं, असा नियम आला. आपल्या गाडीत हे कसं उघडतं ते घरातल्या सगळ्यांना एकदा करून दाखवा. रिमोटच्या पोटातली छोटी धातूची किल्ली कुठे आहे आणि ती कोणत्या दाराला लागते, हेही. आत मूल अडकलं आणि काहीच चाललं नाही तर मुलापासून सर्वांत लांबची बाजूची काच निवडा आणि तिच्या खालच्या कोपऱ्यात टोकदार वस्तूने ठोका. बाजूच्या काचेचा बारीक चुरा होतो. समोरच्या काचेवर वेळ घालवू नका, तिच्यात दोन काचांमध्ये पातळ थर असतो, ती तडकते पण जागा सोडत नाही.